चांगुणाआत्यांचा आहेर

माझ्याकडे माणसं दोन प्रकारची येतात. कर बुडवायचा असतो ती, आणि चुकून जास्त भरला गेला की काय म्हणून झोप उडालेली ती. चांगुणाआत्या दोन्हींत बसल्या नाहीत. कर्जतच्या माझ्या ऑफिसात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात काकड्यांची पिशवी होती आणि बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "वकील, लोकांनी मला आहेर केलाय. सरकारला त्याचं काय सांगायचं असतं का?"

मी वकील नाही. करसल्लागार आहे. चौक गावच्या ढाब्यांची आणि गॅरेजांची रिटर्नं भरता भरता माझे केस गेले. हे मी आत्यांना पुष्कळदा सांगितलं, पण त्यांच्या लेखी ज्याच्या टेबलावर शिक्के असतात तो वकील.

"घरात लग्न झालं का कुणाचं?" मी विचारलं.

"नाय."

"बारसं?"

"नाय रं."

"मग आहेर कसला?"

"गिरनीचा," आत्या म्हणाल्या आणि काकड्या माझ्या फाइलींवर मांडायला लागल्या.

त्या दिवशी माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो आत्या वारल्या तरी मिटलेला नाही. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की दर वेळी मी तिथेच अडकतो. ते पैसे नक्की होते काय? इतकी वर्षं कायदा वाचून पोट भरतोय, आणि एवढ्याचं उत्तर छातीठोकपणे देता येत नाही, याची मला लाजही वाटते आणि रागही येतो.

आत्या भिवपुरीजवळच्या एका गावच्या. नवरा तिथल्या जलविद्युत पॉवरहाऊसला कामाला होता, तेव्हा काही वर्षं त्या क्वार्टर्समध्ये राहिल्या. तो वारल्यावर गावातल्या घरी परतल्या आणि शेताला लागल्या. पॉवरहाऊसमधून सुटणाऱ्या पाण्यावर आमच्याकडे उन्हाळी भातही होतं, त्यामुळे जमीन वर्षभर माणसाला बसू देत नाही. आत्या अंगाने किरकोळ, पण बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायची. मुलगा टेंपो चालवायचा. सून प्रणाली वाशीला एका ऑफिसात होती. सासू-सुनेचं बरं जमायचं, कारण दोघी एकमेकींचं निम्मंच ऐकायच्या.

आत्यांचा जीव होता तांबड्या तांदळात. सासूपासून चालत आलेलं बियाणं त्यांनी सोडलं नव्हतं. अडचण अशी, की आसपासच्या गिरण्या सगळा तांदूळ पॉलिश करून पांढरा करायच्या. आत्या गिरणीवाल्याशी दर वर्षी भांडायच्या. "तांदूळ काय लग्नाला उभा हाय का, त्याला गोरा करतोस तो?" असं त्यांनी एकाला भर रांगेत विचारलं होतं. आपली स्वतःची लहान गिरणी असावी, तिच्यात फक्त साल निघावी आणि तांबडा रंग राहावा, एवढीच त्यांची इच्छा. गावातल्या चार-सहा बायकांकडेही तोच तांदूळ होता. त्यांचीही सोय झाली असती.

आत्यांचा स्वभाव कळायला एका डब्याची गोष्ट सांगितली पाहिजे. ओळख झाल्यावर त्यांनी एकदा घरी वालाचं बिरडं पाठवलं. माझी बायको नीटनेटकी. तिने त्याच संध्याकाळी डबा घासून, त्यात रव्याचे लाडू भरून, भिवपुरीला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर परत पाठवला. आपण रीत पाळली म्हणून आम्ही दोघंही खूश. आत्या पुढे महिनाभर ऑफिसकडे फिरकल्या नाहीत. शेवटी मीच प्रणालीला विचारलं, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "आई रागावल्यात. तुम्ही डबा त्याच दिवशी परत केलात ना?"

नंतर आत्या आल्या तेव्हा मला त्यांच्याकडून सगळं ऐकावं लागलं. "दिल्यादिल्या फेडतो तो सावकाराला फेडतो. आपलं मानूस असंल तर डबा घरात ठेवायचा. निमित्त काढून द्यायचा. एवढी घाई व्हती तर घेयाचा कशाला?" त्यांच्या मते भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. ते लगेचही परत करायचं नाही, हे ज्याला कळलं त्यालाच माणसं धरून ठेवता येतात. मी मान डोलावली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे लोकांची भांडी आता कपाटात साठवायची का? तिचंही काही चुकत नव्हतं.

तर गिरणी. बँकेने कर्जाला कागद मागितले, आणि आत्यांना कर्ज या शब्दाचाच तिटकारा. तेव्हा प्रणालीने वेगळंच डोकं चालवलं. लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून देणाऱ्या वेबसाइटी असतात, त्यांतल्या एकीवर तिने सासूचा व्हिडिओ टाकला. पैसे देणाऱ्याला बदल्यात काय मिळणार, तेही लिहायचं असतं. तिने लिहिलं: इतके द्याल तर पाच किलो तांदूळ, तितके द्याल तर दहा किलो, आणि ज्यांना काही नको त्यांनी नुसता पाठिंबा द्यावा. त्या मिळणाऱ्या वस्तूला वेबसाइटवर बक्षीस म्हणत. आत्यांना ते पटलंच नव्हतं. "बक्षीस कशाचं? पळालं कोन?" त्या विचारायच्या.

तो व्हिडिओ मी पाहिला आहे. आत्या शेताच्या बांधावर उभ्या, डोक्यावरून पदर, आणि कॅमेऱ्याकडे न बघता प्रणालीकडे बघून बोलताहेत. "मला गिरनी घेयाची हाय. तुमी आहेर करा. मी इसरनार नाय." बस, एवढंच. लोकांना काय वाटलं कोण जाणे, पण पैसे आले. नाशिक, ठाणे, पुणे, कुठकुठून आले. गिरणी आली, गोठ्याशेजारच्या खोलीत बसली. भात भरडून तांदळाच्या पिशव्या भरल्या गेल्या. पाठवायचं काम आत्यांनी स्वतःकडे घेतलं. "तू हापीस बघ, वाटायचं मी बघते," असं त्यांनी सुनेला सांगितलं, आणि प्रणालीने, सासू-सुनेत चालायचं तसं, निम्मंच ऐकलं.

आत्यांनी एकही पिशवी पाठवली नाही.

विसरल्या नव्हत्या. बेइमानी तर त्यांच्या रक्तातच नव्हती. प्रत्येक पिशवीवर त्यांनी कुणाकडून तरी नाव लिहून घेतलं होतं आणि पिशव्या उंदरांपासून जपून फळीवर रचल्या होत्या. दुपारची जेवणं झाली की त्या फोन घेऊन बसायच्या आणि यादीतल्या माणसांना फोन लावायच्या. "मी भिवपुरीची चांगुणा. तुमी मला आहेर केला व्हता. तुमच्या घरात काय कार्य हाय का? लगीन, बारसं, वास्तुशांत?" समोरच्याला वाटायचं, ही काहीतरी नवी फसवाफसवी आहे. बरेचजण फोन ठेवून द्यायचे. काहीजण, तांदूळ कधी येणार, असं विचारायचे. आत्या समजूत घालायच्या, "येनार की! निमित्त निघू दे ना."

आहेर लगेच फेडायचा नसतो. त्या थांबल्या होत्या.

मग यादीतल्या एकाची नोटीस आली. पैसे घेऊन कबूल केलेला माल दिला नाही, ग्राहकाची फसवणूक केली, पैसे परत करा नाहीतर तक्रार करू. इंग्रजीतला तो कागद प्रणालीने वाचून दाखवला आणि सासूसकट माझ्याकडे आणला. पाठोपाठ वेबसाइटवाल्यांनीही कळवलं, की ही तक्रार निकाली निघाली नाही आणि बाकीच्यांचा मालही पोचला नाही, तर सगळ्यांनाच पैसे परत करावे लागतील. पैसे तर गिरणीत गेले होते. परत करायचे म्हणजे गिरणी विकायची.

आत्यांना 'फसवणूक' हा एकच शब्द लागला होता. "मी कुनाला फसवलं रं?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. आवाज अगदी बारीक झाला होता.

मी समजावायला घेतलं. "आत्या, तांदूळ देऊ असं कबूल करून पैसे घेतले, की तो आहेर राहत नाही. ती आगाऊ विक्री होते. विक्री म्हटली, की माल पोचवायची जबाबदारी आली. नाही पोचवला, तर पैसे परत. ते पैसे वर्षाच्या उत्पन्नात दाखवणं आलं. जीएसटी बसतो का ते बघणं आलं. पाकिटावर वजन, किंमत, अन्नाचा परवाना आला."

"आन् ज्यांनी काय मागितलंच नाय त्यांचं?"

"ती भेट झाली."

"मंग त्याला कर नाय."

"आहे. परक्यांकडून आलेल्या भेटी मिळून मर्यादेपलीकडे गेल्या, की त्यांवरही कर आहे."

"मागितलं त्याच्यावर कर आन् नाय मागितलं त्याच्यावर बी कर?"

"लग्नात आलेल्या आहेराला मात्र कर नाही," मी बोलून गेलो, आणि तिथेच चुकलो.

आत्या उठून उभ्याच राहिल्या. "म्हंजे सरकार आहेर मानतं! मंग एवढा वेळ काय सांगत व्हतास?"

"लग्नातला, आत्या. ज्याचं लग्न त्याला मिळालेला."

"मंग गिरनीचं लावते लगीन. तुळशीचं लागतं, गिरनीचं का नाय?"

प्रणाली तोंडाला ओढणी लावून हसत होती. मला हसू येईना, कारण पुढचे प्रश्न माझे मलाच पडत होते. आत्यांनी स्वतः पिकवलेलं भात हे शेतीचं उत्पन्न, त्याला आयकर नाही. पण गिरणीत घालून तांदूळ केला, त्यात शेजारणींचाही मिसळला, म्हणजे तो धंदा झाला का? झाला तर किती झाला? शिवाय पाच किलो तांदळासाठी लोकांनी बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त पैसे दिले होते. तांदळाची किंमत सोडून वरचे पैसे विक्रीतले, की भेटीतले? मी पनवेलच्या एका जुन्या जाणत्याला विचारलं. तो म्हणाला, सगळी विक्रीच धरा. दुसऱ्याला विचारलं, तो म्हणाला, दोन्ही तोडून वेगवेगळं दाखवा. वेबसाइटच्या नियमांत लिहिलं होतं, की कराचं ज्याचं त्याने बघावं. आत्यांना वाटत होतं, हा हुशार माणूस मुद्दाम सांगत नाही. हुशार माणसाची तर दातखीळ बसली होती.

एवढं मात्र नक्की होतं, की तांदूळ जायला हवा. मी दोन्ही हात जोडून तेवढंच सांगितलं. आत्या तशाच उठल्या. जाताना पिशवी रिकामी करायला मात्र विसरल्या नाहीत. त्या दिवशी चवळीच्या शेंगा होत्या.

आठवड्याने प्रणालीचा फोन आला. "आई तयार झाल्या. पण त्यांचं म्हणणं आहे, आपण परतफेड करायची नाही. मान करायचा."

मला उलगडा व्हायला वेळ लागला. आमच्याकडे लग्नघरातून पाहुण्यांचा मान केला जातो, टॉवेल-टोपी, साडी, जे जमेल ते. तो आहेराच्या बदल्यात नसतो. आपल्या घरी कार्य निघालं, तुम्ही आमची माणसं, म्हणून असतो. जो येऊ शकत नाही त्याचा मान घरी पोचता करतात. लोकांच्या घरचं कार्य निघेना, तेव्हा आत्यांनी आपल्याच घरी काढलं. गिरणीची पूजा. यादीतल्या सगळ्यांना पुन्हा फोन गेले, या वेळी आमंत्रणाचे. थोडीफार माणसं गाडी काढून खरोखरच आली, पंगतीला बसली, गिरणीबरोबर फोटो काढून गेली. बाकीच्यांचा मान कुरियरने गेला. प्रत्येक पाकिटात माझ्या आग्रहाने एक बिल होतं आणि आत्यांच्या आग्रहाने हळदीकुंकवाची पुडी होती. बिलावर मी विक्री लिहिलं. आत्यांना ते वाचता येत नव्हतं आणि मी वाचून दाखवलं नाही.

सगळ्यांची पोच आली. नोटीस पाठवणाऱ्याने मात्र पाकीट घेतलं नाही. मला तांदूळ नको, पैसे परत हवेत, असं त्याने कळवलं. कायद्याने त्याचं बरोबर होतं. प्रणाली म्हणाली, "एक मिनिटाचं काम आहे, मोबाइलवरून पाठवते." आत्या तिच्यावर कडाडल्या, "आहेर मोडायचा तर उंबऱ्यावर जाऊन मोडायचा. पाठीमागनं नाय. मी जानार." मग नोटिशीवरचा पत्ता त्यांना वाचून दाखवला, तर तो जवळच्या नेरळचा निघाला. इतके दिवस आत्या धरून चालल्या होत्या, की हा मुंबईच्याही पलीकडे कुठेतरी राहत असणार.

कागदावर सही घ्यायची म्हणून मला जावं लागलं. नेरळला आता जिकडेतिकडे इमारती झाल्या आहेत, त्यांतल्याच एकीत चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये आत्यांनी कठडा घट्ट धरला होता. लुगडं ठेवणीतलं होतं, चेहरा मात्र मयताला निघाल्यासारखा.

दार एका तिशीतल्या मुलाने उघडलं. व्हिडिओतल्या आत्या दारात बघून तो गांगरला. "मला वाटलं, व्हिडिओमागे एखादी कंपनी असेल," तो म्हणाला. पुढे नुसतंच "सॉरी, आजी" म्हणाला आणि सोफ्यावरचे कपडे उचलायला लागला. नोटीसही त्याने म्हणे मोबाइलवरूनच काढली होती, इतकी कडक असेल याची त्यालाही कल्पना नव्हती. आत्या सोफ्याच्या अगदी टोकावर बसल्या. कनवटीचे पैसे काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवले. मी कागद पुढे केला. पैसे मिळाले, तक्रार नाही, असं त्यावर होतं. त्याने सही केली. गिरणी वाचली. मी कागद घडी करून खिशात घातला आणि आत्यांकडे पाहिलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात त्याची बायको आतून पाण्याचा तांब्या आणि ग्लास घेऊन आली. आत्यांनी ग्लास हातात घेतला आणि तसाच धरून राहिल्या. आहेर परत करून संबंध मोडला, की त्या घरचं पाणी घेत नाहीत. घेतलं तर मोडला कसा? हे मला त्या क्षणी आठवलं. आत्यांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आता काय करू रं? तुज्या कायद्यात काय हाय?"

कायद्यात काहीच नव्हतं.

"घ्या ना, आजी. पाण्याला काय नाही म्हणायचं?" तो मुलगा म्हणाला.

"पान्यालाच तर हाय रं बाबा," आत्या म्हणाल्या. मग त्यांनी ग्लास उंच धरून वरून पाणी प्यायला सुरुवात केली, मध्येच थांबल्या, आणि अर्धा ग्लास टीपॉयवर ठेवला. संबंध ठेवला नाही आणि तोडलाही नाही. मला वाटलं, झालं, आता उठायचं. मी पिशवी उचलली.

त्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. उन्हातून आलेलं म्हातारं माणूस, ग्लास अर्धा झालेला, म्हणून तिने सहज तांब्या उचलला आणि ग्लास पुन्हा काठोकाठ भरला.

आत्यांनी त्या भरलेल्या ग्लासाकडे बघितलं. मग एकदम खळखळून हसल्या, पदराने डोळे पुसले, आणि सगळंच्या सगळं पाणी पिऊन टाकलं.

"तुजं म्हायार कुठलं गं?" त्यांनी त्या मुलीला विचारलं.

"इथलंच. चौकच्या अलीकडचं."

"अलीकडं म्हंजे? कोनाची तू?" आत्या म्हणाल्या आणि सोफ्यावर पाय वर घेऊन त्यांनी मांडी घातली.